गरी, घमेलं आणि दादाचा डोळा

नागपूरला जाऊन आले म्हटलं की पुण्यात दोनच गोष्टी विचारतात. वाघ दिसला का, आणि बर्फी आणली का. वाघ दिसला नाही, कारण मी जंगलात गेलेच नाही. बर्फी आणली होती, ती आल्या दिवशीच संपली. मग इतके दिवस केलंस काय, असं विचारलं की मी सांगते, मासे धरायची काठी कशी फिरवायची ते शिकत होते. यावर समोरचं माणूस विषय बदलतं. शाळेत गणित शिकवण्यात जन्म घालवलेल्या, साठीला टेकलेल्या बाईनं असलं काही करावं हे लोकांच्या पचनी पडत नाही. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून काढते.

गेले होते मी दादाच्या डोळ्यासाठी. दादा माझा सख्खा मोठा भाऊ. लहानपणी गल्लीत गिल्ली लागून त्याचा डावा डोळा गेला. उरलेल्या उजव्या डोळ्यावर त्यानं शिक्षण केलं, खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरी केली, संसार केला, गाडी चालवली. आता त्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन करून टाका, जितका उशीर कराल तितकं ते अवघड होत जाईल. दादा म्हणत होता, नाही. दुसऱ्या कुणाचा मोतीबिंदू असता तर मीच हसून सोडून दिलं असतं, आजकाल लोक सकाळी ऑपरेशन करतात आणि संध्याकाळी टीव्ही बघतात. पण दादाकडे डोळा एकच. त्याचं काही बरंवाईट झालं तर दुसरा नव्हता.

वहिनींचा फोन आला, "सुमनताई, तुम्ही या. तुमचं ऐकतात ते." हे साफ खोटं होतं. दादानं माझं आजवर कधीही ऐकलेलं नाही. पण वहिनींचा आवाज असा होता की मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

कोराडी रोड

संक्रांत नुकतीच झाली होती. स्टेशनवर न्यायला दादा स्वतः गाडी घेऊन आला होता. शेजारच्या सीटवर वहिनी बसल्या होत्या. मी मागे बसले. गाडी सुरू झाली आणि वहिनी बोलायला लागल्या. या माझ्या वहिनी मुळात मितभाषी, लग्नानंतर वर्षभर आम्हांला त्यांचा आवाज नीट माहीत नव्हता. आता मात्र तोंडाला खळ नव्हती. "बाप्पा, केवढा ट्रक उभा केला यानं डाव्या हाताले. अन् हा रिक्षावाला पहा, मधूनच वळून राहिला. सिग्नल लाल असला की किती गर्दी होते नं इथं." आणि गाडी ट्रकपासून लांब राहिली, रिक्षाच्या मागे हळू झाली, सिग्नलला थांबली. वहिनी म्हातारपणी बडबड्या झाल्या असं मी आधी समजले. सदर भाग यायच्या आत माझ्या लक्षात आलं की त्या गप्पा मारत नव्हत्या, रस्ता वाचून दाखवत होत्या. कोराडी रोडवरच्या त्यांच्या घरापर्यंत मी सीटची कड धरून बसले.

स्वयंपाकघरात त्यांना एकटं गाठून मी विचारलं, चावी लपवून का ठेवत नाही? लपवली होती म्हणाल्या. दादा दोन दिवस जेवला नाही. गाडी चालवायची बंद केली म्हणजे दिसत नाही हे कबूल केलं, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. तेव्हापासून त्यांनी ही युक्ती काढली. तो विचारत नाही आणि त्याही आपण सांगतो आहोत असं दाखवत नाहीत.

जेवायला गोळाभात होता, डाळीचे तिखट गोळे घालून केलेला. पुण्यात भातावर साजूक तूप घालतात, आमच्या नागपुरात गोळ्यांवर कडकडीत फोडणीचं तेल ओततात. इतक्या वर्षांच्या पुणेरी सवयीनं माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यातच मी मुद्द्याला हात घातला. दादानं हात वर करून मला थांबवलं.

"तू काहून आली, मले माहीत आहे," तो म्हणाला. "ऑपरेशनचं नाव काढशीन तर आत्ताच स्टेशनवर सोडून देतो."

मी म्हटलं, मग काय करू, तुझ्या तोंडाकडे बघत बसू? तो उठला, आतून मासे धरायच्या काठीची लांब पिशवी घेऊन आला आणि म्हणाला की आधी हे शीक. अंगणातलं घमेलं तो गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ठेवणार, आणि ज्या दिवशी मी त्या घमेल्यात दोरीच्या टोकाची खोटी माशी टाकीन त्या दिवशी तो माझं भाषण मुकाट्यानं ऐकून घेईल. माझ्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. असं माझं शिक्षण सुरू झालं.

गच्ची

दादाचा मुलगा कॅनडात असतो. मध्ये दादा-वहिनी तिकडे सहा महिने राहून आले. तिथे वेळ जाईना म्हणून दादा शेजाऱ्याबरोबर नदीवर जायला लागला आणि येताना हे वेड घेऊन आला. आपल्याकडची गरी वेगळी. आपण गळाला गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा लावतो, वजन बांधतो आणि पाण्यात सोडून बसतो. यात गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी केलेली असते. तिला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती फेकताच येत नाही. वजन असतं ते दोरीला. काठीनं दोरी मागे न्यायची, ती पाठीमागे हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे ढकलायची. दोरी पुढे उलगडत जाते आणि टोकाची माशी अलगद पाण्यावर उतरते. ऐकायला सोपं आहे. दादा करून दाखवायचा तेव्हा दिसायलाही सोपं होतं.

पहिल्या दिवशी माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधला. मी काठी मागे नेली आणि थांबायचं विसरून पुढे आणली. चाबकासारखा फटका वाजला आणि लोकर उडून गेली. दुसऱ्या वेळी इतकी थांबले की दोरी पाठीमागे खाली पडली आणि पाण्याच्या टाकीत अडकली. पुढच्या खेपेला ती शेजारणीच्या वाळत घातलेल्या परकराभोवती गुंडाळली गेली आणि शेजारीण वर येऊन बघत उभी राहिली. मी शाळेत ज्या मुलांना "एवढं साधं कसं जमत नाही" म्हणून झापलं होतं त्या सगळ्यांची मला आठवण झाली.

दादाची शिकवायची तऱ्हा चमत्कारिक होती. तो माझ्याकडे पाठ करून खुर्चीवर बसायचा आणि संत्री सोलायचा. मी काठी मागे नेली की मागून सूचना यायची, "थांब. थांब. आता." दोरी हवेतून जाताना सुस्कारा सोडल्यासारखा आवाज येतो, तो संपला की दोरी सरळ झाली. दादा ते कानानं ओळखत होता. पहिले दोन तास मला या कौशल्याचं कौतुक वाटलं. मग तो घमेलं सरकवायला उठला, तेव्हा त्यानं आधी पायानं चाचपून घमेलं शोधलं. चहाचा कप बशीत ठेवताना बोटानं बशीचा काठ पाहिला. त्यानंतर मला कौतुक वाटलं नाही.

संध्याकाळपर्यंत माझा दंड भरून आला. लोकर घमेल्याच्या चहूबाजूंना पडली, आत पडली नाही. दादा खूश होता. आवाज सुधारला म्हणाला.

तलाव, पहिली खेप

पूर्व विदर्भात मालगुजारांच्या काळात खोदलेले तलाव गावोगावी आहेत. रामटेकच्या बाजूला अशाच एका तलावावर दादा जातो. मासे गावच्या संस्थेचे असतात, पण दादा धरलेला मासा सोडून देतो हे माहीत झाल्यावर त्याला कुणी हटकत नाही. वेडा म्हणून सूट मिळालेली आहे.

मी गाडी चालवते म्हटलं तर दादानं चावी मुठीत धरली. वहिनी पुढे बसल्या, मी मागे. शहर संपलं तसा रस्ता मोकळा झाला आणि मी जरा सैल झाले. वहिनींनी दादासाठी संत्रं सोलायला घेतलं. बिया काढत होत्या, त्यामुळे क्षणभर त्यांचं बोलणं थांबलं. पुढे तणसानं, म्हणजे भाताच्या पेंढ्यानं, भरलेली ट्रॉली उभी होती. तणसाचा रंग आणि उन्हातल्या धुळकट रस्त्याचा रंग एकच. गाडी त्याच वेगानं चालली होती. मी ओरडले. दादानं ब्रेक मारला, गाडी फरफटत गेली आणि तणसाच्या काड्या काचेला लागल्या.

"दिसली होती मले," दादा म्हणाला.

वहिनींच्या मांडीवर संत्र्याचा चुरा झाला होता. त्यांनी तो गोळा करून रुमालात बांधला आणि पुन्हा बोलायला लागल्या, त्याच सहज आवाजात. मला रडू आलं आणि दादाचा भयंकर राग आला. घमेलं गेलं खड्ड्यात, आत्ताच बोलावं असं वाटलं, पण त्यानं खरंच मला स्टेशनवर नेऊन सोडलं असतं आणि तेही स्वतः गाडी चालवत.

तलाव मात्र सुंदर होता. बांधावर मोहाची जुनी झाडं, पाण्याच्या कडेला शिंगाड्याचे वेल, पलीकडे धानाचं कापलेलं रान आणि त्यात लाखोळीची निळी फुलं. पाणी इतकं स्थिर की बदकं पोहत गेली की मागे रेघ उरत होती. दादानं मला गॉगल लावायला लावला, स्वतः लावला आणि नियम सांगितला. आता टोकाला खरा गळ आहे, मागे कोण आहे ते बघितल्याशिवाय काठी उचलायची नाही आणि गॉगल काढायचा नाही. मासा सोडताना त्याचं तोंड फाटू नये म्हणून गळाचा उलटा काटा त्यानं पकडीनं दाबून सपाट केला होता, ते त्यानं माझं बोट फिरवून दाखवलं. डोंग्यातून जाळं काढणारा एक ढीवर थांबून आमचं बघत होता. "धरता अन् सोडता, त मंग धरता काहून जी?" त्यानं विचारलं. दादा म्हणाला, तुम्ही पत्ते खेळता ते काय खायला खेळता? त्या माणसाला ते पटलेलं दिसलं नाही.

दुपारी माझी माशी कशीबशी बरी पडली आणि पाण्यात बुडबुडा झाला. दोरी एकदम ताठ झाली. इतका जिवंत ओढा मी कधी हातात घेतला नव्हता. आणि मी डाव्या हातातली दोरी सोडून दिली. मासा गेला. पुन्हा तासाभरानं तेच झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा दादा उठून उभा राहिला.

"तू चक्री धरून राहिली का वं?"

माझ्या तेव्हा लक्षात आलं. आमचं लहानपण गांधीबागेजवळ गेलं, वडिलांचं कापडाचं दुकान तिथेच होतं. संक्रांतीला दादा पतंग उडवायचा आणि मी मागे मांज्याची चक्री धरून उभी असायचे. मुलींच्या वाट्याला चक्रीच यायची. एका डोळ्यानं पतंग किती लांब आहे ते कळत नाही, म्हणून दादा आकाशाकडे बघायचाच नाही फारसा. बोटावरच्या ओढीवरून त्याला पेच कळायचा. ओढ वाढली की तो "ढील" म्हणायचा आणि मी चक्री सोडायची. त्या कामात माझ्याइतकी तरबेज मुलगी गल्लीत नव्हती. दोरी ताठली की सोड, हे माझ्या हातांत इतकं मुरलेलं की डोक्याला विचारायची गरजच नव्हती. माशाला मात्र ढील दिली की तो गळ झटकून मोकळा होतो. दादानं मला दहादा समजावलं की ताठली की धरून ठेव. मी दहादा मान डोलावली आणि पुढचाही मासा सोडला.

तलाव, दुसरी खेप

एक दिवस मध्ये सोडून आम्ही पुन्हा गेलो. घरी वहिनींचं हळदीकुंकू होतं, त्यामुळे त्या आल्या नाहीत. रस्ता वाचायचं काम माझ्याकडे आलं. मला वहिनींसारखं जमेना. मी "ट्रक", "म्हैस", "सायकल" असं हजेरी घेतल्यासारखं म्हणत होते आणि दादाच्या कपाळावर आठी चढत होती. पोचल्यावर मी आधी बाटलीभर पाणी प्यायले.

त्या दिवशी वारा होता. मोहाच्या पानांचा सतत खळखळाट चाललेला. वारा उजव्या हाताकडून आला तर दोरी आपल्या अंगावरून दुसऱ्या बाजूला वाहून जाते, म्हणून तो पडेपर्यंत थांब असं दादानं सांगितलं. थांबलो. डबा खाल्ला. वारा मंद झाल्यावर मी सुरुवात केली आणि काय झालं कोण जाणे, हात बसला. मागे, थांब, पुढे. दोरी सरळ जात होती. माशी मी बघते तिथे पडत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला मजा आली, आणि मजेत मी मागे बघायचं विसरले.

पानांच्या आवाजात दादाला दोरी ऐकू येत नव्हती. म्हणून तो जवळ आला होता, माझ्या डाव्या खांद्यामागे. ढग आले होते आणि काळ्या काचेतून त्याला काहीच दिसेना, म्हणून गॉगल काढून त्यानं खिशात ठेवला होता. हे सगळं मला नंतर कळलं. मी काठी मागे नेली, थांबले, वाऱ्याची एक झुळूक आली आणि दोरीला जडपणा आला. झाडाची फांदी अशी लागत नाही. पुढचा झटका द्यायला हात निघाला होता. पण दोरी ताठली होती, आणि डाव्या हातानं ती सोडून दिली. काठीही हातातून खाली आली.

"सुमे," दादा अगदी हळू म्हणाला, "दोरी ओढू नको."

मी वळले. तो ताठ उभा होता. दोन्ही हात चेहऱ्याजवळ नेलेले, पण चेहऱ्याला न लावता. उजव्या भुवईखाली ती तपकिरी पिसांची माशी लोंबत होती. डोळा मिटलेला होता आणि त्यावरून रक्ताची धार गालावर येत होती.

"डोळ्यात गेली का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी बघायच्या आधीच म्हणाले. मग बघितलं. गळ पापणीच्या वर, हाडाच्या कडेला कातडीत घुसला होता. तो झटका पुढे गेला असता तर काय झालं असतं ते मी तिथे उभी राहून पाहिलं, अगदी स्पष्ट पाहिलं, आणि अजूनही कधी कधी दिसतं.

मी दोरी कापली, त्याला बांधावर बसवलं, रक्त पुसलं. त्यानं मला सांगितलं की काटा सपाट आहे, गळ जसा गेला तसाच मागे काढ. मला जवळचं दिसेना. पर्समधून वाचायचा चष्मा काढताना तो दोनदा खाली पडला. गळाला बोटं लावली तर बोटं थरथरत होती.

"तुझा हात हालून राहिला," दादा म्हणाला.

"हो."

"मग थांब थोडं. मी कुठं चाललो?"

मी हात मांडीवर ठेवून बसले. तो डोळा मिटून समोर तोंड करून बसला होता. पासष्टी उलटलेला माझा भाऊ, आणि त्या क्षणी त्याला जगातलं काहीही दिसत नव्हतं. तो वारा ऐकत होता.

"सुमे, ऑपरेशन बिघडलं तर असंच असते नं हे? रोज?"

डॉक्टरांनी दिलेली सगळी उत्तरं मला पाठ होती. गाडीत, गच्चीवर, रात्री अंथरुणात मी त्यांची उजळणी केली होती.

"हो," मी म्हणाले. "असंच असेल."

त्यानं मान हलवली. "आता काढ."

करंगळी त्याच्या गालावर टेकवून मी हात स्थिर केला आणि गळ मागे घेतला. तो सहज आला. मी मोठ्यानं रडायला लागले आणि तो माझी पाठ थोपटत बसला.

परतीचा रस्ता

वाटेतल्या गावात दवाखाना होता. डॉक्टरीणबाईंनी टाके घातले, इंजेक्शन दिलं, बॅटरी लावून डोळा तपासला. डोळ्याला काही झालेलं नव्हतं. पण सूज होती म्हणून त्यांनी वरून पट्टी बांधली आणि उद्यापर्यंत काढू नका म्हणाल्या. दादानं चावी मला दिली.

गियरची गाडी हातात घेऊन मला बरीच वर्षं झाली होती. पहिल्या चौकात ती दोनदा बंद पडली. दादा टोमणा मारेल म्हणून मी वाट बघत होते. तो म्हणाला, "समोर काय आहे?"

मी सांगितलं. एसटी आहे, थांबली आहे, लोक उतरत आहेत. मग त्यानं पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा सांगितलं. लाखोळीचं शेत, त्यात बगळे. विटांची भट्टी. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली आहे, तिची साडी पिवळी. हळूहळू मला वहिनींसारखं जमायला लागलं.

"तुझी वहिनी तुझ्यापरीस चांगलं सांगते," दादा म्हणाला. "वर्षभर सांगून राहिली. मी ऐकून राहिलो हे कधी म्हटलं नाही तिले."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, कारण मला रस्ता दिसेना. तो बोलत राहिला. लोकांना वाटतं मी अडाण्यासारखा घाबरतो, म्हणाला. तसं नाही. "थोडंच दिसते. धुरकट दिसते. पण जे दिसते ते माझं आहे, सुमे. तेही दुसऱ्याच्या हातात देऊन टाकायचं म्हणजे..." मग म्हणाला, "तू सांग. करू का?"

याचसाठी मी पुण्याहून आले होते. घमेल्यात माशी पडली नव्हती, तरी मला विचारलं गेलं होतं. आणि आता हो म्हणायला मला भीती वाटत होती. उद्या काही झालं तर मी सांगितलं म्हणून झालं, हे ओझं घेऊन मला उरलेलं आयुष्य काढायचं होतं. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडात आमची बोली आली.

"मले भेव वाटते, दादा. तुझ्याइतकंच वाटते. पण तू गाडी चालवतो अन् वहिनी बाजूले बसते. रोज बसते. त्या ट्रॉलीत आपण गेलो असतो तर तिच्या हातात काय होतं? संत्रं होतं." मी गाडी पुन्हा सुरू केली. "कर ऑपरेशन."

घरापर्यंत त्यानं समोर काय आहे ते विचारलं नाही. वहिनी दारात आल्या, पट्टी पाहून त्यांनी दाराची चौकट धरली. मी घाईघाईनं सांगितलं की डोळा ठीक आहे. दादानं माझ्याकडून चावी मागून घेतली, हात पुढे करून वहिनींचा हात शोधला आणि चावी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ठेव तुझ्यापाशी," तो म्हणाला. "अन् डॉक्टरले फोन लाव."

पुणे

भुवईची जखम भरल्यावर तारीख मिळणार होती. मी थांबते म्हटलं तर दादानं नको म्हणून सांगितलं. तू समोर बसून माझं भेव वाढवशीन, म्हणाला. खरं तर मलाही ते झेपलं नसतं. मी परत आले, आणि ऑपरेशनच्या दिवशी फोन हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. दुपारी वहिनींचा निरोप आला, झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढणार होते. त्या दिवशी संध्याकाळी नुसतं एवढंच आलं, पट्टी काढली. मी फोन केला तर वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या की काही विचारू नका, हे काही बोलतच नाहीत. नुसते बसून आहेत. डॉक्टर काय म्हणाले? डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक. मग हे का बोलत नाहीत? वहिनींना माहीत नव्हतं.

पुढचा दिवसही असाच गेला. मला जेवण गेलं नाही. मी हो म्हणाले होते, मी कर म्हणाले होते, हेच डोक्यात फिरत होतं. नवऱ्यानं समजूत घालायचा प्रयत्न केला, त्याच्यावरच खेकसले.

त्यानंतरच्या सकाळी व्हिडिओ कॉल आला. मी घाबरत घाबरत उचलला. पडद्यावर दादाचा चेहरा इतका जवळ होता की फक्त भुवई, तिच्याखालची लाल रेघ आणि डोळा दिसत होता. डोळ्यातून पाणी गळत होतं. मी दोनदा "दादा" म्हणाले.

"थोडी बाजूले हो," तो म्हणाला.

मी बाजूला झाले.

"तुझ्या मागं भिंतीवर जानेवारीच लटकून राहिली. अर्धा फेब्रुवारी संपला. फाड नं ते पान."

मी मागे वळून पाहिलं. दाराशेजारी कॅलेंडर होतं, आणि खरंच जानेवारीच होती. फोन टेबलावर टेकवून मी उठले. घाईत पान सरळ निघालं नाही, वरचा कोपरा खिळ्यालाच राहिला.

"तिरपं फाडलं वं," दादा म्हणाला.